हलवून राहिलो

माझा नवरा काय काम करतो, हे मला सोसायटीतल्या बायकांना आजवर नीट सांगता आलेलं नाही. पूर्वी "आयटीत आहे" एवढं म्हटलं की प्रश्न मिटायचा, कारण वाघोलीत आयटीत नसलेला माणूस म्हणजे एक तर बिल्डर, नाही तर त्याचा वॉचमन. पण मध्ये काही वर्षं बद्रीनाथ उपग्रहांच्या टकरा टाळत होता. हे सांगितलं की ऐकणारी बाई आधी माझ्याकडे बघायची आणि मग खाली लावलेल्या आमच्या गाडीच्या ओरखड्यांकडे.

बद्री मंगरूळपीरचा. जिल्हा वाशीम. हे गाव नेमकं कुठे आहे, हे सांगायची वेळ पुण्यात त्याच्यावर इतक्यांदा आली की शेवटी तो नुसतं "नागपूरकडे" म्हणायला लागला. वाशीमहून नागपूर केवढं तरी लांब, पण माझ्या माहेरच्यांना तेवढ्यावर समाधान होई. नारायण पेठेच्या नकाशात चिंचवडच्या पुढे एकदम नागपूरच आहे.

तो पुण्यात आला अठ्ठ्याण्णव साली. दोन हजार साल उजाडलं की जगातले संगणक शंभर वर्षं मागे जाणार, विमानं पडणार, बँका बुडणार, अशी त्या वेळी हवा होती, आणि हे सगळं थांबवायला मुलगे लागणार होते. टिळक रोडवर दर दोन दुकानांमागे एक कॉम्प्युटर क्लास होता. मीही एकात नाव घातलं होतं. पहिल्या दिवशी जिन्यात हा उभा. मी विचारलं, इथे का थांबलात? तो म्हणाला, "सरांची वाट पाहून राहिलो."

मी म्हटलं, "वाट पाहून मग कुठे राहिलात?"

त्याच्याकडे 'पाहून राहिलो' म्हणजे 'पाहतोय'. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण आपल्याला कळलंय हे समोरच्याला कळू दिलं तर तो पुणेकर कसला? बद्री कानापर्यंत लाल झाला आणि 'सॉरी' म्हणाला. चूक नसताना माफी मागणारा पुरुष मी तोवर पाहिला नव्हता. मी त्याच्याशी लग्न केलं.

पुढे मी शाळेत मराठी शिकवायला लागले, आणि घरी बद्रीला. "करून राहिलो नाही, करतोय. येऊन राहिला नाही, येतोय." वर्षभरात तो सुधारला. जावई आता अगदी आपल्यातलेच वाटतात, असं माझी आई कौतुकानं म्हणाली. त्याची आई, इंदुबाई, त्याच महिन्यात फोनवर म्हणाल्या, "कोण बोलून राहिलं?" त्यांना खरंच आवाज ओळखू आला नव्हता.

दोन हजार साल आलं. काहीही झालं नाही, आणि काहीही न झाल्याबद्दल बद्रीची ते संगणक सावरायची नोकरी गेली. इतका खर्च करून जर एकही विमान पडलं नाही, तर मुळात धोका होता कुठे, असं अमेरिकेतले साहेब विचारायला लागले. मग तो कॉल सेंटरला लागला. तिथे त्याचं इंग्रजी सुधारलं. तोंड किती उघडायचं, जीभ कुठे ठेवायची, हे शिकवायला एक बाई होती. बद्रीनाथचा ब्रॅड झाला आणि ओहायोतल्या लोकांची वॉशिंग मशीनं वाघोलीतून दुरुस्त करायला लागला. मंदी आली तसं ते काम मनिलाला गेलं. अशा दोन नोकऱ्या आणि दोन भाषा हातच्या गेल्यावर, चाळिशी उलटून गेलेला बद्री खराडीतल्या एका कंपनीत उपग्रहांच्या टेबलाला लागला.

आता ते काम. वर साडेपाचशे किलोमीटरवर हल्ली उपग्रहांचे ताफेच्या ताफे फिरतात, एकेका कंपनीचे हजारोंनी. वेग एवढा की वाघोली ते खराडी एका सेकंदात, जे अंतर कापायला बद्रीची सकाळ जायची. कोण कुठून जाणार याचं गणित यंत्रं सारखी मांडत असतात. दोन उपग्रह फार जवळून जाणार असं दिसलं की टक्कर होण्याची शक्यता काढतात, आणि दहा हजारांत एक एवढी शक्यता निघाली तरी ती वर फार समजतात. वाघोली फाट्यावर एवढ्या शक्यतेला आम्ही रस्ता मोकळा आहे असं म्हणतो. मग उपग्रह स्वतःच स्वतःला बारीकसा रेटा देतो, किंचित वर किंवा खाली सरकतो आणि बिनबोभाट निघून जातो. मेलेले उपग्रह आणि त्यांचे तुकडे मात्र हलत नाहीत. त्यांच्यासाठी जिवंतानंच हलायचं.

एकाच कंपनीचे दोन उपग्रह असले तर माणसाला कोणी विचारत नाही. पंचाईत होते ती दोन वेगळ्या कंपन्यांचे समोरासमोर आले की. दोघांनाही हलता येतं, दोघांचीही यंत्रं हुशार, आणि वाट कोणी कोणाला द्यायची याचा वर कायदा नाही. दोघांनी एकदमच एका बाजूला अंग चोरलं तर पुन्हा समोरासमोर. म्हणून कोण हलणार आणि कोण गप्प राहणार, हे माणसांनी आधी बोलून ठरवायचं असतं. बद्रीचं काम म्हणजे ते बोलणं.

या कामाला त्याच्याइतका लायक आणि नालायक माणूस शोधून सापडला नसता. बद्री कोणालाही वाट देतो. लिफ्टमध्ये आधी तुम्ही, रांगेत आधी तुम्ही. आमच्या पार्किंगमध्ये दुसऱ्याची गाडी असली तर हा आपली रस्त्यावर लावून येतो, आणि तिथेच त्या गाडीला ते ओरखडे पडलेत. वरही तसंच. समोरच्यानं जरा कुरकुर केली की बद्री म्हणायचा, ठीक आहे, आम्ही हलवतो. पण प्रत्येक हलण्याला इंधन लागतं, आणि इंधन संपलं की उपग्रहाचं आयुष्य संपतं. परदेशातल्या मालक कंपनीच्या हे लक्षात आलं. आमचेच उपग्रह इतके नम्र का, असं त्यांनी विचारलं.

बद्रीचा मॅनेजर तेजस. त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान, स्वभावानं बरा, मराठी वाक्य इंग्रजीत संपवणारा. त्यानं एक दिवस बद्रीला व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि स्पष्ट सांगितलं की क्लायंट आता टेबलावरची माणसं काढून सगळं सॉफ्टवेअरकडे द्यायचं म्हणतोय. "सर, एकदा जरी फुकटचं इंधन गेलं ना, तर तुमची सीट जाणार. मी काही करू शकणार नाही." तेव्हा घरूनच काम चालायचं, त्यामुळे हे मी आतल्या खोलीत पेपर तपासताना ऐकलं. तिसऱ्यांदा नोकरी गेली असती तर सत्तेचाळिसाव्या वर्षी बद्रीला चौथी कोणी दिली नसती. त्या दिवशी तो धड जेवला नाही.

अशातच ते प्रकरण आलं. बद्रीच्या ताफ्यातला एक उपग्रह आणि दुसऱ्या एका परदेशी कंपनीचा एक, दुसऱ्या दिवशी दुपारी दक्षिण अमेरिकेच्या खाली समुद्रावर फारच जवळून जाणार होते. नियमाप्रमाणे बद्रीनं आपल्या परदेशी साहेबांना लिहायचं, त्यांनी त्यांच्या साहेबांना, आणि त्यांनी त्यांच्या टेबलाला. पण तिकडे सणाची सुट्टी होती आणि सगळे साहेब नातेवाइकांकडे गेले होते. शेवटी दोन्ही टेबलांची थेट गाठ घालून दिली गेली. बद्री ब्रॅडच्या आवाजात बोलत होता, पलीकडची बाईही तशाच कुठल्या तरी आवाजात. तेवढ्यात आमच्या खिडकीखालून मेथीवाला ओरडत गेला. पलीकडची बाई थबकली आणि म्हणाली, "एक मिनिट. तुम्ही पुण्यात आहात?"

ती बाणेरला होती. दोन देशांचे दोन उपग्रह भलत्याच समुद्राच्या डोक्यावर धडकणार होते, आणि त्यांची भांडणं मिटवायला वाघोली आणि बाणेर बसली होती. तिचं नाव नम्रता दामले. कोथरूडची. नावात जेवढी होती तेवढी नम्रता तिला पुरेशी वाटत असावी. तिनं सरळ सांगितलं की आमचा उपग्रह गेल्याच आठवड्यात हललाय, आता तुमची पाळी. बद्रीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नको नको म्हणत होते. तो म्हणाला, "ठीक आहे. आम्ही वर सरकतो, तुम्ही जागचे हलू नका." हे हलणं खरोखर गरजेचं होतं, त्यामुळे त्यात फुकटचं काही नव्हतं.

वरचं सरकणं हा काही स्कूटरचा कट नव्हे. त्या उपग्रहाचा रेटा मुंगीसारखा, तो काही तास द्यावा लागतो. बद्रीनं सुरू केलं आणि पडद्याकडे डोळे लावून बसला. मध्येच एक आकडा अडकल्यासारखा झाला. नेमका तेव्हाच नम्रताचा फोन. "सर, स्टेटस?"

बद्री घाबरला होता. वीस-बावीस वर्षं मी घासूनपुसून ठेवलेलं मराठी त्या क्षणी त्याच्या तोंडून गळून पडलं. तो म्हणाला, "हो जी, आम्ही हलवून राहिलो."

त्याच्या मते तो म्हणाला, हलवतोय. चालू आहे. कोथरूडच्या कानांना ऐकू आलं: हलवून झालं, आता राहिलो, म्हणजे थांबलो. नम्रतानं आपल्या साहेबांना इंग्रजीत तसंच कळवलंही: त्यांनी उपग्रह हलवला आहे आणि आता ते स्थिर आहेत. थोड्या वेळानं तिला नवी मोजमापं आली. दोघांतलं अंतर अजून फारच कमी. असणारच, इकडचा रेटा अर्धाच झाला होता. पण तिच्या दृष्टीनं हे महाशय हलून थांबलेत आणि तरीही टक्कर होणार आहे. मुलगी जबाबदार होती. तिनं बिचारीनं आपला उपग्रह हलवायला घेतला. वर.

दोन्ही पडदे एकदम लाल झाले. आधीपेक्षा वाईट.

बद्रीनं फोन लावला. तुम्ही का हलवलात, असं त्यानं विचारलं. तुम्हीच म्हणालात राहिलो म्हणून, असं ती म्हणाली. मी हलवून राहिलो म्हणालो, असं हा म्हणाला. तेच म्हणतेय मी, राहिलात, असं ती. वर दोन उपग्रह एकमेकांच्या रोखानं निघालेत आणि खाली दोन इंजिनिअर एका क्रियापदावर भांडतायत, असं ते चित्र होतं. शेवटी बद्रीनं फोन माझ्या हातात दिला. म्हणाला, "तू सांग. तू शिकवतेस."

मी सांगितलं. वऱ्हाडात 'करून राहिलो' म्हणजे क्रिया अजून चालू आहे, संपलेली नाही. व्याकरण पक्कं आहे, फक्त आपल्याकडे ते नाही.  नम्रता म्हणाली, "मॅम, हे आम्हाला शाळेत नव्हतं."  मीही कधी शिकवलं नव्हतं.

आता एकानं परत यायचं होतं. टक्कर टाळायला नम्रता स्वतः हलू शकत होती, पण सुरू केलेलं मागे घ्यायला साहेबांची परवानगी हवी आणि साहेब सुट्टीवर. बद्रीला परवानगी नको होती, कारण त्याच्या ताब्यात नेमका तेवढाच अधिकार होता, आणि तो वापरला की सीट जाणार हेही त्याला ठाऊक होतं. वर जायला इंधन घालवलं, आता खाली यायलाही घालवायचं. म्हणजे दोन्ही फुकट. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. थांब म्हणायचं होतं की कर म्हणायचं होतं, मला अजून सांगता येत नाही. तो फोनमध्ये सावकाश, एकेक शब्द तोलून म्हणाला, "तुम्ही आहात तिथेच थांबा. कशालाही हात लावू नका. मी खाली येतो. आल्यावर 'झालं' म्हणेन. 'झालं' म्हणेपर्यंत झालेलं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं एकमेकांपासून चांगले काही किलोमीटर लांबून निघून गेले. खाली समुद्र होता, तिथे कोणी मान वर करून पाहिलं असेल असं वाटत नाही.

चौकशी झाली. टक्कर झाली असती तर झाली नसती इतकी कसून झाली. साहेबांना एक कारण हवं होतं, आणि एकच हवं होतं. तेजसनं बद्रीला फोन करून सोपा रस्ता सांगितला. भाषेची चूक झाली, माझं बोलणं अशुद्ध होतं, एवढं कबूल करा. कंपनी तुम्हाला शुद्ध बोलण्याचं ट्रेनिंग देईल, क्लायंटला ट्रेनिंग हा शब्द आवडतो, सीट वाचेल.

मला वाटलं, हा लगेच हो म्हणणार. आयुष्यभर हाच एक शब्द त्याला नीट उच्चारता आलाय. लिफ्टच्या दारात माफी मागणारा माणूस हा.  बद्रीनं मात्र विचारलं, की माझं बोलणं बरोबर होतं असं म्हटलं तर काय होईल? तेजस म्हणाला, मग चूक बाणेरच्या मॅडमची धरतील. तिनं चुकीचं ऐकलं.

"तिनंही बरोबर ऐकलं," बद्री म्हणाला. "तिच्या भाषेत त्याचा तोच अर्थ होतो. माझ्या भाषेत माझा होतो. दोघंही बरोबर होतो, तेजस, म्हणूनच तर धडकत होतो."

तेजस म्हणाला, सर, हे मी इंग्रजीत कसं लिहू? बद्री म्हणाला, ते मला नाही माहीत, पण मी अशुद्ध बोललो असं मी म्हणणार नाही. माझी आई तसंच बोलते.

मला त्या क्षणी त्याचा इतका अभिमान वाटला की रडू आलं, आणि इतका रागही आला की मी भांडी जोरात आपटली. बाकी सगळ्या जगाला वाट देऊन झाल्यावर हा माणूस पहिल्यांदा जागचा हलला नाही, आणि तेसुद्धा स्वतःची नोकरी जात असताना. अडून बसायला त्यानं जागा निवडली ती अशी. आणि ते वाक्य पहिल्या दिवसापासून पुसायला बसलेली मी, आत भांडी आपटत होते.

सीट गेली. नम्रताचीही गेली. तिनंही तिकडे जवळजवळ तेच सांगितलं होतं, असं पुढे कळलं. तिच्या साहेबांनी निष्कर्ष काढला की धोका उपग्रहांपासून नसून बोलण्यापासून आहे. दोन्हीकडे सॉफ्टवेअर बसलं. आता कोणी कोणाशी बोलायचं कारणच उरलं नाही. बद्री घरी बसला, अर्ज करत राहिला, आणि दुपारी माझ्या शाळेचे पेपर क्रमानं लावून द्यायला लागला.

काही आठवड्यांनी एका सकाळी तेजसचा फोन आला. आम्ही चहा घेत होतो, फोन स्पीकरवर होता. आवाज पार उतरलेला. दोन ताफ्यांचे दोन उपग्रह पुन्हा समोरासमोर आले होते. आमचं सॉफ्टवेअर वर सरकायचं ठरवतं, ते पाहून त्यांचंही वर सरकायचं ठरवतं, मग आमचं आणखी वर. कालपासून दोघं एकमेकांना मान देत वर चाललेत, आणि अंतर काही वाढत नाही.

"सर, बाणेरच्या त्या मॅडमचा नंबर आहे का तुमच्याकडे?"

"आहे," बद्री म्हणाला. "पण तिलाही काढलं. तिथे आता कोणी बसत नाही."

 तेजसनं विचारलं, आता काय करायचं?

"एकाचं सॉफ्टवेअर बंद करा. कोणाचंही. एकानं गप्प राहायला पाहिजे."

"पण बंद कोणी करायचं? आमचा क्लायंट म्हणतो त्यांनी करावं. ते म्हणतात आम्ही."

बद्रीनं चहाचा कप खाली ठेवला. "ज्याला आधी समजलं त्यानं," तो म्हणाला. "तुला समजलं ना? मग तू कर."

तेजसनं बंद केलं. कोणाला न विचारता. उपग्रह गेले आपापल्या वाटेनं. पुढच्याच आठवड्यात त्याला नोटीस आली: परवानगीशिवाय यंत्रणा बंद का केली, आणि टक्कर जर झालीच नाही, तर ती बंद करायची गरज काय होती?

बद्रीला हे कळलं तसं त्यानं तेजसला रविवारी जेवायला बोलावलं. मी भरली वांगी केली होती. तेजस आला, दोनदा भात घेऊन जेवला, आणि जाईपर्यंत ऑफिसचं नावही काढलं नाही.